विमानातील बढती : कोणाला आणि कोणाच्या खर्चाने?

रेल्वेच्या तिकिटावर 'वेटिंग लिस्ट' किंवा 'आर.ए.सी.' अशी अक्षरे असली म्हणजे आपल्या पदरात नेमके काय पडले आहे, हे प्रवाशाला पैसे मोजतानाच कळते. जागा मिळेल किंवा मिळणार नाही, पुरता बाक मिळेल किंवा अर्ध्यावर बसून रात्र काढावी लागेल. जे काही असेल ते कागदावर लिहिलेले असते. विमानाच्या तिकिटाची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत्येकाला जागा निश्चित झाल्याचा निर्वाळा दिला जातो, आणि तरीही जगातील अनेक मोठ्या विमान कंपन्या विमानात जितक्या खुर्च्या असतात त्यांहून अधिक तिकिटे विकतात. विकलेल्या तिकिटांचे सगळे धनी विमानतळावर हजर झाले म्हणजे काय करायचे? कंपन्यांनी शोधलेले एक उत्तर असे की, मागच्या स्वस्त वर्गातील काही प्रवाशांना उचलून पुढच्या महागड्या वर्गातील रिकाम्या खुर्च्यांवर नेऊन बसवायचे. ही बढती फुकट असते. ती कोणाला द्यावी हे कंपनीचा संगणक ठरवतो, आणि त्याच्या यादीत पहिला मान असतो तो वरचेवर विमानाने फिरणाऱ्या, कंपनीच्या 'फ्रीक्वेंट फ्लायर' योजनेचे सोनेरी वा रुपेरी कार्ड बाळगणाऱ्या प्रवाशाचा.

यात वावगे ते काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. वाण्याने रोजच्या गिऱ्हाइकाला मापावर मूठभर वरताळा घातला, तर सहा महिन्यांतून एकदा दुकानाची पायरी चढणाऱ्याने कुरकुर करू नये, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. शिवाय येथे वरताळ्यामुळे कोणाचे माप कमी होत नाही. उलट, पुढे गेलेल्या प्रवाशाने मागची खुर्ची रिकामी केली म्हणूनच यादीतील शेवटच्या माणसाला विमानात पाऊल टाकता आले, असेही म्हणता येईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. तथापि तो अर्ध्याच हकिगतीला लागू पडतो. ज्या यादीच्या वरच्या टोकाला बढती मिळते, त्याच यादीच्या खालच्या टोकाला, पुढे खुर्ची रिकामी नसेल त्या दिवशी, कोणाला तरी विमानाबाहेर ठेवले जाते. बढतीच्या न्याय्यतेचा विचार या दुसऱ्या टोकापासून करावयास हवा.

जादा विक्रीचे गणित

जादा तिकिटे विकण्यामागे निव्वळ लबाडी आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिकीट काढूनही ऐन वेळी न येणारे प्रवासी बहुतेक प्रत्येक उड्डाणाला असतात. कोणाची बैठक लांबते, कोणाचे आधीचे विमान चुकते, कोणी सावधगिरी म्हणून दोन वेगवेगळ्या वेळांची तिकिटे काढून ठेवतो. विमान एकदा उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. इतका नाशवंत माल भाजीबाजारातही सापडणार नाही. समजा, मागच्या वर्गात १५० खुर्च्या आहेत आणि साधारणतः दहा जण येत नाहीत असा कंपनीचा अनुभव आहे. ती १५८ तिकिटे विकते. एखाद्या दिवशी चौघेच गैरहजर राहतात, म्हणजे चौघांना जागा उरत नाही. पुढच्या वर्गात सहा खुर्च्या मोकळ्या असतील तर मागचे चौघे पुढे जातात आणि कोणाच्या कानी काही न पडता विमान सुटते. पुढचा वर्गही भरलेला असेल तर चौघे विमानतळावरच राहतात. चूक तीच, तिला नाव मात्र प्रसंगानुसार मिळते. पहिल्या प्रसंगी ती निष्ठावंत प्रवाशाला दिलेली भेट असते. दुसऱ्या प्रसंगी तिला 'इनव्हॉलंटरी डिनाइड बोर्डिंग' म्हणतात. या शब्दसमूहात ज्याला ढकलून बाहेर ठेवले त्या माणसाचा कोठे उल्लेखही नाही, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

हा व्यवहार सामान्य प्रवाशाच्या ध्यानी आला तो अमेरिकेतील एका खटल्यामुळे. एप्रिल १९७२ मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या विमानात ॲलेघेनी एअरलाइन्स या कंपनीने एका प्रवाशाला जागा नाकारली. जादा विक्रीचा बळी शोधताना कंपनीने नेमका नको तो माणूस निवडला होता. हे गृहस्थ म्हणजे मोटार कारखानदारांना सळो की पळो करून सोडणारे, ग्राहकहक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर. तिकीट निश्चित म्हणून द्यायचे आणि ते पुरते निश्चित नाही ही गोष्ट दडवून ठेवायची, ही फसवणूक होय, असा दावा त्यांनी लावला. खालच्या न्यायालयाने त्यांना प्रत्यक्ष नुकसानीदाखल १० डॉलर आणि दंडादाखल २५ हजार डॉलर देवविले. अपिलात निकाल फिरला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दावा चालू शकतो, विमान वाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी मंडळ आहे एवढ्याने नागरिकाला न्यायालयाचे दार बंद होत नाही, असे ठरविले. पुढच्या फेऱ्यांत दंडाची रक्कम टिकली नाही. पण झाकलेली मूठ उघडली होती.

या रोगावर एक औषध त्याआधीच सुचविले गेले होते. इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये एक लहानसा लेख लिहून म्हटले की, जागा कमी पडली तर प्रवाशांना पाकिटे द्यावीत. किती रक्कम मिळाली तर आपण पुढच्या विमानाची वाट पाहू, हे प्रत्येकाने लिहून द्यावे. ज्यांचे आकडे सर्वांत कमी असतील त्यांना ती रक्कम रोख देऊन थांबवून घ्यावे. विमान कंपन्यांनी ही सूचना हसण्यावारी नेली. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञच त्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष असताना ती बऱ्याच अंशी नियमात उतरली. कोणालाही सक्तीने मागे ठेवण्यापूर्वी स्वेच्छेने थांबणारा कोणी आहे काय, हे कंपनीने विचारलेच पाहिजे, असा दंडक तेव्हापासून अमेरिकेत आहे. युरोपनेही तोच मार्ग धरला आणि २००४ च्या नियमावलीने सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशाला अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाईचा हक्क दिला. आज अमेरिकेत सक्तीने जागा नाकारली जाण्याचे प्रमाण दर दहा हजार प्रवाशांमागे एकाहूनही कमी असते. आकडा लहान आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती पाळी कोणावर येते, हे नशिबावर सोडलेले नाही. येथेच यादीचा प्रश्न येतो.

निष्ठा म्हणजे काय?

१९७८ मध्येच अमेरिकेत विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठविणारा कायदा झाला. भाडी मोकळी झाली, नव्या कंपन्या उतरल्या आणि जुन्यांना आपले बांधलेले गिऱ्हाईक सुटून जाण्याची धास्ती वाटू लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' ही योजना सुरू केली: जितके मैल उडाल तितके तुमच्या खाती जमा, आणि पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने अशीच योजना आणली आणि बाकीच्या त्यांच्यामागे धावल्या. आपले नित्याचे प्रवासी कोण, हे शोधण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने जी युक्ती योजली ती बोलकी आहे. आय.बी.एम.च्या साह्याने उभारलेल्या 'सेबर' नावाच्या आपल्या आरक्षणयंत्रणेत तिने पुनःपुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक धुंडाळले. कोणत्या उड्डाणावर किती जागा विकल्या याचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रानेच कोण लाडका आणि कोण परका, हेही टिपून ठेवण्यास आरंभ केला.

प्रारंभी मैल मोजले जात. त्यात निदान एक ढोबळ समता होती. स्वस्त तिकिटाचा मैल आणि महाग तिकिटाचा मैल सारख्याच लांबीचे. २०१५ मध्ये डेल्टा व युनायटेड यांनी आणि २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने बक्षिसाचे मैल अंतराऐवजी खर्च केलेल्या डॉलरांवर देण्यास सुरुवात केली. तेव्हा ज्याला निष्ठा म्हणतात ती आता बव्हंशी खर्च केलेल्या पैशाची बेरीज आहे. या बेरजेप्रमाणे प्रवाशांच्या पायऱ्या पडतात. सर्वांत वरच्या पायरीवरील माणसाला प्रयाणाच्या तीन-चार दिवस आधीच पुढच्या वर्गात जागा मिळून जाते, आणि त्याने मोकळी केलेली मागची खुर्ची पुन्हा विक्रीस निघते. बढतीचा खर्च कंपनीला कसा पडत नाही, हे त्यावरून कळावे. खालच्या पायऱ्यांवरील माणसे दारापाशी टांगलेल्या पडद्यावर नजर लावून बसतात. अमेरिकेतील विमानतळांवर अशा प्रतीक्षायादीतील नावांची आद्याक्षरे क्रमाने झळकत असतात. बदल्यांच्या मोसमात जिल्हा परिषदेच्या फलकाभोवती गोळा झालेल्या शिक्षकांना ते दृश्य अगदीच अपरिचित वाटणार नाही.

आणि ही निष्ठा सिद्ध होते ती कोणाच्या पैशाने? महिन्यातून आठ वेळा मुंबई-दिल्ली किंवा न्यूयॉर्क-शिकागो खेपा घालणारा मनुष्य सहसा हौसेखातर, पदरच्या पैशाने तसे करीत नाही. तिकीट त्याची कंपनी किंवा सरकार काढते; मैल आणि कार्ड मात्र त्याच्या नावावर जमा होतात. एखाद्या शाळेला बाके आणि फळे पुरविणाऱ्या दुकानदाराने दिवाळीत मुख्य लिपिकाच्या घरी मिठाईच्या पुड्याबरोबर चांदीची वाटी धाडली, तर त्याची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. विमान कंपनी तेच काम छापील पत्रके काढून उजळ माथ्याने करते. माल कोणाचा घ्यावा हे जो ठरवितो त्याला व्यक्तिगत बक्षीस, आणि मालाची किंमत भरणारा तिसराच. दुसऱ्या कंपनीचे तिकीट स्वस्त असले तरी कार्डधारकाचे मन आपल्याच कंपनीकडे ओढ घेते, आणि मधला फरक सोसतो तो भागधारक किंवा करदाता.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. २००२ मध्ये जर्मनीत सरकारी प्रवासांवर साठविलेले मैल खाजगी सहलींसाठी वापरल्याचे उघड होऊन ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्याच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास अमेरिकेने नेमकी उलट वाट धरली. डिसेंबर २००१ च्या एका कायद्याने संघराज्याच्या नोकरांना सरकारी प्रवासावर मिळालेले मैल खाजगी कामासाठी ठेवून घेण्याची मुभा दिली आणि २००२ मध्ये तेथील प्राप्तिकर खात्याने अशा मैलांवर कर मागण्याच्या फंदात आपण पडणार नाही, असे जाहीर केले. भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाने या बाबतीत जर्मनांची नीती पत्करली, हे नमूद केले पाहिजे. सरकारी प्रवासावर साठलेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खाजगी वापर केल्यास खात्यामार्फत कारवाई होईल, असे त्याचे परिपत्रक आहे. मैलांवर असे बंधन घालता येते. कार्डाच्या रंगामुळे मिळणारा मान, पुढची रांग आणि ऐन वेळची बढती यांना कोणते परिपत्रक अडविणार?

यादीचे खालचे टोक

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. स्वेच्छेने कोणी थांबण्यास तयार नसेल तर कोणाला वगळावे याचा क्रम कंपनीने आखून ठेवावा, असे अमेरिकेचा नियम सांगतो. त्या क्रमासाठी चालतील अशा कसोट्याही तो उदाहरणादाखल देतो: प्रवासी कोणत्या वेळी हजर झाला, त्याने किती भाडे भरले, तो अपंग आहे किंवा एकटे बालक आहे काय, आणि याच पंक्तीत, 'फ्रीक्वेंट फ्लायर' योजनेतील त्याचा दर्जा. म्हणजे वाण्याच्या वरताळ्याला कायद्याने मापाचा दर्जा दिला. रोजच्या गिऱ्हाइकाला मूठभर दाणे अधिक घालणे निराळे आणि पायलीभर धान्याचे पैसे मोजलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी त्याच्यासाठी रिकामी करणे निराळे. बढतीने सुखसोय मिळते. यादीच्या खालच्या टोकाला प्रश्न सुखसोयीचा नसून विकत घेतलेल्या मूळ वस्तूचा असतो, आणि ती वस्तू विकताना 'निष्ठावंतांची सोय लागल्यावर' अशी अट कोणी मोठ्या अक्षरांत सांगितलेली नसते.

९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर जे घडले ते जगाने पाहिले. लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्सप्रेसच्या विमानात प्रवासी आपापल्या जागी बसल्यावर कंपनीला स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या झाल्या. विमान भरलेले होते, पण जादा विकलेले नव्हते, हे कंपनीनेही नंतर मान्य केले. प्रथम ४०० आणि मग ८०० डॉलरची तयारी दाखविली गेली. कोणी उठले नाही. त्यावर बोली वाढविण्याऐवजी संगणकाला चौघांची नावे विचारण्यात आली. अशी नावे काढताना भाड्याचा वर्ग आणि योजनेतील दर्जा पाहिला जातो, असे कंपनीच्या प्रवासकरारातच लिहिलेले होते. निवड झालेल्यांपैकी ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांनी, सकाळी आपले रुग्ण वाट पाहत असतील असे सांगून उतरण्यास नकार दिला. विमानतळावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्यांना खुर्चीतून ओढून काढले. नाक मोडले, दोन दात पडले. कंपनीच्या प्रमुखांनी पहिल्या निवेदनात या प्रकारासाठी प्रवाशांची 'पुनर्व्यवस्था' अशा अर्थाचा शब्द वापरला. महिना उलटण्यापूर्वी तीच कंपनी स्वेच्छेने थांबणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत देऊ असे सांगू लागली, साउथवेस्टने जादा तिकिटे विकणेच बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०१८ च्या कायद्याने एकदा विमानात बसू दिलेल्या प्रवाशाला जागेसाठी सक्तीने उतरविण्यास मनाई झाली. सायमन यांच्या पाकिटातील आकडा ८०० डॉलरवर थांबवावा असे कोणत्याही अर्थशास्त्राने सांगितले नव्हते. तो थांबला, कारण त्यापुढे फुकटात काम भागविणारी यादी हाताशी होती.

लिलावाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पैशाच्या मोबदल्यात थांबण्यास तयार होणारा बहुधा गरीबच असणार. म्हणजे श्रीमंताची वेळ वाचावी म्हणून गरिबाने विमानतळावर रात्र काढायची, ही कोणती समता? पण येथे तुलना कशाशी करायची, हे पाहिले पाहिजे. लिलावात गरीब प्रवाशाला निदान 'नाही' म्हणता येते आणि 'हो' म्हटले तर त्याची किंमत तो स्वतः सांगतो. यादीच्या पद्धतीत मागे राहणारा बहुधा तोच, स्वस्त तिकिटाचा आणि बिनकार्डाचा. फक्त त्याला कोणी विचारत नाही. खरी गोम आहे ती मोबदला रोख मिळतो की मुदतीचे कूपन हाती पडते यात. ज्याला पुन्हा विमानात बसण्याचा योग पाच वर्षांत येणार नाही, त्याला वर्षभराच्या मुदतीचे कूपन देणे ही त्याची थट्टाच होय.

यादीच्या तळाशी कोण असतो, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. सोलापूरहून किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईस आलेली, मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच परदेशी निघालेली आई; शैक्षणिक कर्ज काढून ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विद्यापीठ गाठू पाहणारा विद्यार्थी; रजा संपवून आखातातील कामावर परतणारा रत्नागिरीचा तरुण. घरूनच आदल्या दिवशी संगणकावर हजेरी लावून ठेवता येते, हे यांतील पहिलीला ठाऊक नसते. तिच्या तिकिटावर नोंदविण्यासारखा कसलाही कार्डक्रमांक नसतो. आणि दिवसाचा विलंब सर्वांत महाग पडतो तो याच मंडळींना. नित्यप्रवाशाची एक बैठक चुकते, ती दूरध्वनीवरही होते. विद्यार्थ्याचे पुढचे जोडविमान चुकले किंवा आखातातील तरुणाची कामावर रुजू होण्याची तारीख उलटली, तर ते दूरध्वनीवर निभावत नाही. न्यायाच्या दृष्टीने पाहता कार्ड हे गरजेचे अगदी उलटे मोजमाप आहे.

रेल्वेची चिठ्ठी

गंमत अशी की, बढती देण्याची दुसरी रीत आपल्याकडे कित्येक वर्षे चालू आहे आणि तिचे कौतुक फारसे कोणी केलेले नाही. २००६ मध्ये भारतीय रेल्वेने वरच्या वर्गात रिकाम्या राहणाऱ्या जागांवर खालच्या वर्गातील पूर्ण भाडे भरलेल्या प्रवाशांना जादा पैसे न घेता बढती देण्याची योजना आणली. तक्ता तयार होताना संगणक शयनयानातील प्रवासी वातानुकूलित डब्यात नेतो आणि त्याने सोडलेली जागा प्रतीक्षायादीतील प्रवाशाला देतो. उद्देश विमान कंपनीचाच: वरची रिकामी जागा वाया न घालवता खालची अडचण सोडवायची. फरक निवडीत आहे. येथे संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कोणतेही नाव उचलतो. वर्षातून पन्नास वेळा फिरणारा विक्रेता आणि मुंजीला निघालेले कुटुंब त्याला सारखेच. ज्याला बढती नको त्याला तसे आधी सांगता येते. सवलतीच्या तिकिटावरील आणि पासावरील प्रवासी या योजनेतून वगळलेले आहेत, ही तिची उणीव. आणि आपत्कालीन कोट्याच्या नावाखाली शिफारशीच्या चिठ्ठ्या कशा चालतात हे ज्याने अनुभवले आहे, तो रेल्वेला समतेचे प्रमाणपत्र देण्यास धजणार नाही. तरीही या एका बाबतीत, स्वतःच्या नियोजनातून उरलेली वस्तू वाटताना लाडका-दोडका न पाहण्याचे भान सरकारी खात्याने दाखविले आहे. खाजगी कंपनीने तसेच केले पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. पुढची खुर्ची तिच्या मालकीची आहे, ती कोणालाही भेट देण्यास ती मुखत्यार आहे. मागची खुर्ची मात्र तिने एकदा विकलेली आहे. ज्याला विकली त्याच्याकडून ती परत घ्यायची तर विकत घ्यावी, नाहीतर चिठ्ठी टाकावी. कार्डाचा रंग पाहण्याचा अधिकार तेथे तिला नसावा.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याविषयी पहिली नियमावली ऑगस्ट २०१० मध्ये लागू केली आणि २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढविल्या. कंपनीने प्रथम स्वेच्छेने थांबणारे विचारावेत, असे ती सांगते. त्यांना काय द्यावे हे कंपनीच्या मर्जीवर सोडते. सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशाची तासाभरात दुसरी सोय केली तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत केली तर मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, पण १० हजार रुपयांपर्यंतच. त्याहून उशीर झाला तर चौपट, पण २० हजारांपर्यंतच. नियम कागदावर राहू नयेत याची काळजी महासंचालनालयाने अगदीच घेतली नाही असे नाही. जून २०२२ मध्ये, वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना जागा नाकारून भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड झाला होता. कोणाला कोणत्या क्रमाने वगळावे, हा कळीचा मुद्दा मात्र कंपन्यांच्याच हाती राहिला आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच नियमावलीला एक नवे कलम जोडले गेले. वरच्या वर्गाचे तिकीट असलेल्या प्रवाशाला नाइलाजाने खालच्या वर्गात बसविले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या करांसह किमतीचे ७५ टक्के परत करावेत. परदेशच्या प्रवासात अंतराप्रमाणे ३० टक्के, ५० टक्के आणि ३,५०० किलोमीटरपलीकडे ७५ टक्के. कलम योग्यच आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला बिझनेस क्लासने निघालेला प्रवासी मागच्या खुर्चीत बसून का होईना, त्याच दिवशी न्यूयॉर्कला पोहोचतो, आणि त्याला लाखांच्या घरातील रक्कम परत मिळते. तिला कमाल मर्यादा नाही. त्याच विमानाचे मागच्या वर्गाचे तिकीट असूनही जो मुंबईतच राहिला, त्याला दुसऱ्या विमानातील जागेखेरीज हाती पडते ती जास्तीत जास्त २० हजार रुपयांची भरपाई, आणि ही मर्यादा २०१६ मध्ये ठरविलेली आहे.